झाडाचा घेर, जंगलाचं वजन

२२ एप्रिल २०२५, मंगळवार : कायेन

पॅरिसच्या ओर्ली विमानतळाहून निघून नऊ तास होत आले तेव्हा खिडकीखालचा अटलांटिक निळ्याचा गढूळ झाला. अॅमेझॉनने समुद्रात ओतलेला गाळ किनाऱ्याकिनाऱ्याने इथवर येतो. मग तिवरांची एक पट्टी गेली आणि तिच्यामागे जे जंगल सुरू झालं ते संपेचना. रस्ता नाही, शेत नाही, कौलाचा एक ठिपका नाही. फ्रेंच गयाना हा दक्षिण अमेरिकेतला फ्रान्सचा तुकडा. चलन युरो, पोलीस फ्रेंच, क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहून थोडं जास्त, आणि त्यातली पंचाण्णव टक्क्यांहून अधिक जमीन जंगलाखाली.

हे जंगल मी चार वर्षं ओळखते, पण संगणकावरच्या करड्या ठिपक्यांच्या रूपात. फ्रान्समधल्या तूलूझला माझं काम आहे रडारच्या आकड्यांवरून जंगलाचा जैवभार काढण्याचं. जैवभार म्हणजे सोप्या शब्दांत जंगलाचं वजन : खोडं, फांद्या, पानं, सगळं वाळवून तोललं तर हेक्टरी किती टन भरेल. त्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो. जंगल तुटलं तर हवेत किती कार्बन जाईल, वाढलं तर किती झाडांत साठेल, हा सगळा हिशेब या एका आकड्यापाशी येतो. आणि जगातली सर्वांत दाट जंगलं जिथे आहेत तिथेच हा आकडा सर्वांत कच्चा आहे.

या फेरीची दोन कारणं. पाराकूच्या जंगलात झाडं मोजणाऱ्यांच्या हाताखाली काही दिवस काम करायचं, आणि २९ तारखेला पहाटे कुरूच्या अवकाश केंद्रावरून ‘बायोमास’ हा जंगलाचं वजन रडारने मोजणारा उपग्रह जाताना पाहायचा. पाराकूत शिकलेल्या गोष्टी त्या उपग्रहाच्या रचनेत उतरल्या आहेत, आणि तो उडणारही पाराकूच्या शेजारूनच.

विमानतळावर पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड दाखवलं आणि बाहेर आले. अंगावर आलेली हवा थेट जूनमधल्या सावंतवाडीची : ओली, जड, कुजत्या पानांच्या वासाची.

२३ एप्रिल, बुधवार : सिनामारी

कायेन ते सिनामारी रस्ता शंभर-सव्वाशे किलोमीटरचा. सकाळी बाजारातून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, झोपायला झोळणा आणि त्यावरची मच्छरदाणी घेतली. वाटेत कुरू लागलं. रस्त्याच्या एका अंगाला माळरान, दुसऱ्या अंगाला जंगलाची भिंत, आणि मधेच अवकाश केंद्राकडे नेणाऱ्या पाट्या. या केंद्रावरून पहिलं रॉकेट १९६८ साली उडालं. त्यासाठी किनाऱ्यावरच्या वस्त्या उठवल्या गेल्या. रॉकेटच्या चित्रांखाली ही गोष्ट सहसा लिहिलेली नसते, म्हणून इथे लिहून ठेवते.

रात्री जेवायला आवाराचा रस्सा होता. आवारा हे माडाच्या जातीचं नारिंगी फळ. त्याचा गर तासन्‌तास आटवून त्यात धुरावलेली कोंबडी, मासे, भाज्या घालतात. हा ईस्टरचा पदार्थ, आणि ईस्टर परवाच्या रविवारी झालेलं, त्यामुळे घराघरांत अजून पातेली भरलेली. जो हा रस्सा खातो तो गयानात परत येतोच, असं इथे म्हणतात. रंग आपल्या तिखटाच्या तवंगासारखा, चव मात्र तेलकट, मातकट, खोल. मी दोनदा वाढून घेतला.

२४ एप्रिल, गुरुवार : पाराकू

आज पहिल्यांदा माझ्या ठिपक्यांच्या आत शिरले.

पाराकूचं मोजणीचं जंगल १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आखलं गेलं. ‘सिराद’ ही फ्रेंच कृषी-संशोधन संस्था ते सांभाळते. इथले बहुतेक भूखंड सव्वासहा हेक्टरांचे, म्हणजे अडीचशे मीटर बाजूचे चौकोन. एक मोठा पंचवीस हेक्टरांचा. दहा सेंटिमीटरपेक्षा जाड असलेल्या प्रत्येक झाडाला क्रमांकाचा पत्रा ठोकलेला आहे, आणि हेक्टरी अशी झाडं सहाशेच्या आसपास. गेली चाळीस वर्षं माणसं ठरावीक काळाने परत परत त्याच झाडांपाशी येतात, घेर घेतात, मेलेल्यांवर काट मारतात, नव्यांना क्रमांक देतात. काही भूखंडांवर १९८६ ते १९८८ या काळात मुद्दाम कमी-जास्त तोड केली होती, जंगल कसं भरून येतं ते पाहायला. त्यातून रडारवाल्यांचा नकळत फायदा झाला. हलकं जंगल आणि जड जंगल, दोन्ही शेजारी शेजारी, एकाच मातीत, एकाच पावसात.

आमच्या तुकडीचे म्होरके साठीच्या पुढचे आहेत. सगळे त्यांना ‘तोंतों’ म्हणतात, म्हणजे काका. झाड ओळखायचं काम त्यांचं. कोयत्याने सालीवर नखाएवढा घाव घालतात, आतला रंग पाहतात, वास घेतात, चीक बोटावर घेतात. एका झाडाचा चीक पांढरा, घट्ट. तोंतों म्हणाले, ‘बालाता.’ मी शास्त्रीय नाव आठवलं आणि थांबलेच : मॅनिलकारा, म्हणजे आपल्या चिकूचं आणि खिरणीचं भावंड. जरा पुढे पाणथळीत पिवळ्या चिकाचं झाड, ‘मानी’. ते कोकमाच्या कुळातलं. आई दारच्या कोकमाला खरवडून दाखवायची तो पिवळा चीक इथे, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, माझ्या बोटाला लागला होता.

मग मोजणी. मला वाटलं होतं, पट्टी गुंडाळायची नि आकडा वाचायचा. तोंतोंनी पट्टी माझ्या हातात दिली आणि स्वतः मागे उभे राहिले.

झाड अंजेलिक. जमिनीपासून एक मीटर तीस सेंटिमीटरवर रंगाचा जुना पट्टा. त्यावरूनच पट्टी जायला हवी, दरवेळी तिथूनच, नाहीतर झाड वाढलं की मोजणारा बदलला हे कळायचं नाही. खोडाला दोन वेली चिकटलेल्या. त्या कापायच्या नाहीत. बोटं खाली घालून त्यांना खोडापासून उचलायचं आणि पट्टी त्यांच्याखालून सरकवायची. मागच्या बाजूला माझा हात पोचेना, तेव्हा दुसऱ्या पोराने टोक पकडून दिलं. वाळवीचा एक मातीचा बोगदा होता, तो हलक्या हाताने झाडला. पट्टी मागे एक बोटभर खाली उतरली होती. तोंतोंनी काही न बोलता ती वर सरकवली. आकडा आला एकशे सत्तावन्न सेंटिमीटर.

आता या आकड्याचं पुढे काय होतं ते सांगते, कारण माझं सगळं काम त्याच्यावर उभं आहे. एकशे सत्तावन्न घेर म्हणजे पन्नास सेंटिमीटर जाडी. उंची तीस मीटर धरू. अंजेलिकच्या लाकडाची घनता साधारण ०.६५. जेरोम शाव आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली एक सूत्र प्रसिद्ध केलं. जगभरच्या अठ्ठावन्न ठिकाणी तोडून तोललेल्या चार हजार चार झाडांवरून ते बांधलेलं आहे. त्यात हे तीन आकडे घातले की झाडाचं कोरडं वजन येतं : अडीच टन. याच घेराचं, याच उंचीचं झाड सेक्रोपियाचं असतं, सावरीसारखं हलकं लाकूड असलेलं, तर बाराशे किलोसुद्धा भरलं नसतं. म्हणून तोंतोंचं नाक आणि कोयता लागतो. आणि मी पट्टी वेलीवरूनच नेली असती, घेर दोन सेंटिमीटर जास्त आला असता, तर साठ किलोंहून अधिक लाकूड कागदावर उगवलं असतं. एका धडधाकट माणसाएवढं वजन, नुसत्या वेलीच्या जाडीचं.

मोठ्या झाडांना पायथ्याशी आधारमुळं असतात, भिंतीसारखी उभी, कधी माझ्या डोक्याच्याही वर. तिथे एक मीटर तीसवर मोजून चालत नाही. शिडी लावून आधारमुळं संपतात त्याच्या वर मोजावं लागतं. शिडी धरून चिखलात उभी राहिले. दिवसभर डोक्यावर ‘पाय-पाय-यो’ पक्षी ओरडत होता, शिट्टीचा शेवट चाबकासारखा. दिवसाअखेरी आमची मोजणी तीनशेच्याही आत.

२५ एप्रिल, शुक्रवार : मनोरा

गुयाफ्लक्सचा मनोरा पंचावन्न मीटर उंच. जंगलाचा श्वास, म्हणजे कार्बन डायऑक्साइड किती आत घेतला, किती बाहेर सोडला, ते त्यावरची उपकरणं २००३ पासून मोजत आहेत. कमरेला पट्टा, दोन आकडे, एक सोडायचा एक लावायचा, असं करत जिना चढले. पस्तीस मीटरांवर अंधार संपला आणि एकदम ऊन. आणखी वर गेल्यावर जंगल पायाखाली, क्षितिजापर्यंत, फुलकोबीच्या शेतासारखं.

आणि तिथे उभं राहिल्यावर ती जुनी अडचण डोळ्यांनी कळली. वरून सगळं सारखंच दिसतं. हिरवं ते हिरवं. हलकं जंगलही एवढंच हिरवं, जडही एवढंच. उपग्रहाचा कॅमेरा हेच बघतो, आणि तेही ढग नसले तर. इथे एप्रिलमध्ये ढग नसलेला दिवस कुठला?

रडार स्वतःची लाट पाठवतं, त्यामुळे त्याला ढगांची नि रात्रीची अडचण नाही. पण कुठली लाट, हा प्रश्न उरतो. चाळणीचं उदाहरण घ्या. लाट आपल्याहून फार लहान वस्तूंना जुमानत नाही, त्यांच्यातून निघून जाते. आपल्या मापाच्या किंवा मोठ्या वस्तूंवर आदळून परत येते. साडेपाच सेंटिमीटरची लाट पानांवर आणि डहाळ्यांवरच अडते, तिला खोडाचा पत्ताच लागत नाही. चोवीस सेंटिमीटरची लाट खोलवर जाते, पण हेक्टरी शंभर-दीडशे टनांच्या पुढे तिचंही उत्तर वाढेनासं होतं. दोनशे टन असो वा चारशे, परत येणारा प्रतिध्वनी तेवढाच. पाराकूचं न तोडलेलं जंगल चारशेच्या आसपास आहे. म्हणजे जिथे सर्वांत जास्त वजन, तिथेच तराजूचा काटा अडकलेला.

बायोमासची लाट जवळजवळ सत्तर सेंटिमीटरची. पानं तिला धुक्यासारखी. ती जाड फांद्यांवर आणि खोडांवर आदळते, आणि लाकूड असतं ते तिथेच. पृथ्वीची चित्रं काढणारं एवढ्या लांब लाटेचं रडार याआधी कधी अवकाशात गेलेलं नाही. त्याला कारणंही तशीच : बारा मीटर रुंद जाळीचा अँटेना घडी करून न्यायचा, वातावरणाच्या वरच्या थरातला विद्युतभारित पट्टा ही लाट पिळवटतो ते दुरुस्त करायचं, आणि मुळात ही लहर वापरायची परवानगी मिळवायची. तिची कंप्रता ४३५ मेगाहर्ट्झ, आणि त्याच्याच आसपास अमेरिकेची अवकाशातल्या वस्तूंवर नजर ठेवणारी रडारं चालतात. त्यामुळे उत्तर अमेरिका आणि युरोप यांच्यावरून जाताना हे रडार बंद ठेवावं लागणार आहे. तूलूझच्या माझ्या खिडकीबाहेरची झाडं त्याला कधीच दिसणार नाहीत. उष्ण प्रदेशातली वर्षावनं मात्र जवळजवळ सगळी दिसतील, आणि गरज त्यांचीच आहे.

२०११ च्या अखेरीस याच मनोऱ्याच्या माथ्यावर ‘ट्रॉपिस्कॅट’ नावाचा प्रयोग बसवला होता. अँटेना खाली जंगलाकडे तोंड करून, दर पंधरा मिनिटांनी, रात्रंदिवस लाट सोडत आणि ऐकत. प्रश्न असा होता : उपग्रह आज जंगलावरून गेला आणि तीन दिवसांनी परत आला, तर मधल्या काळात जंगल इतकं हललेलं असेल का की दोन्ही चित्रं एकमेकांशी जुळणारच नाहीत? उत्तर तासागणिक वेगळं मिळालं. दुपारी वारा सुटतो, फांद्या हलतात, पानांमधून पाणी उडतं, आणि जुळणी ढासळते. रात्री आणि पहाटे जंगल स्तब्ध असतं. बायोमासची कक्षा अशी आहे की तो पहाटे सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास डोक्यावरून जाईल. या मनोऱ्यावर वारा लागत असताना मला या प्रयोगावरचा लेख आठवत होता, आणि अकराच्या सुमारास खालचे शेंडे खरोखरच हलायला लागले. आलेखावरची उतरती रेघ मी इतके दिवस पाहत होते; तिचा आवाज आज ऐकला.

२६ एप्रिल, शनिवार

सुट्टी. कपडे धुतले. कमरेच्या पट्ट्याखाली लाल पुटकुळ्यांची माळ उठली आहे. इथले लोक या किड्यांना अगुतीच्या, म्हणजे इथल्या एका उंदरासारख्या प्राण्याच्या, उवा म्हणतात. रात्रभर खाजवलं.

२७ एप्रिल, रविवार : पेती-सो

सिनामारी नदीवर वर एक धरण आहे, पेती-सो. १९९४ मध्ये त्यात पाणी साठवायला सुरुवात झाली आणि सुमारे तीनशे पासष्ट चौरस किलोमीटर जंगल पाण्याखाली गेलं. आपल्या कोयनेच्या शिवसागराच्या तिपटीच्या आसपास. झाडं तोडली नव्हती. ती उभ्या उभ्या बुडाली.

होडीतून तासभर फिरलो. पाणी काळं, गुळगुळीत, आणि त्यातून हजारो खोडं वर आलेली, बिनफांद्यांची, राखाडी, काहींच्या टोकांवर पक्षी. होडीवाला मशीन मंद करून त्यांच्यामधून वाट काढत होता. कुणी बोलत नव्हतं. बुडालेलं जंगल कुजताना मिथेन सोडतं, आणि उष्ण प्रदेशातल्या धरणांमधून किती मिथेन येतो याची अगदी सुरुवातीची बारकाईची मोजमापं याच जलाशयावर झाली. जैवभार हा शब्द मी रोज शंभरदा टंकते. आज तो पाण्यात उभा राहिलेला पाहिला.

रडारच्या चित्रात अशी जागा झगझगते. का, ते कॅरम खेळणाऱ्या प्रत्येकाला कळेल. सोंगटी कोपऱ्याजवळ एका फळीवर आपटून दुसऱ्या फळीवर आपटली की आली त्याच दिशेला परत जाते. पाणी ही आडवी फळी, खोड ही उभी. लाट पाण्यावर आपटते, खोडावर आपटते आणि थेट उपग्रहाकडे परतते. जंगलाच्या जमिनीवरही हेच होतं, फक्त थोडं मंद. आणि इथेच घोटाळा. जमीन ओली की प्रतिध्वनी वाढतो, कोरडी की घटतो, झाडं तीच. उतार असला की काटकोन बिघडतो आणि सोंगटी भलतीकडे जाते. गयानातली जमीन बुटक्या टेकड्यांची. आंबोलीच्या घाटात तर या हिशेबाचं काय होईल या विचाराने मी पूर्वी रात्री जागवल्या आहेत.

२८ एप्रिल, सोमवार : पाऊस

पहाटेपासून कोसळतोय. जंगलात जाणं शक्य नाही. पत्र्याखाली बसून तुकडीतल्या पोरांना आणि तोंतोंना माझं काम सांगितलं. पहिल्यांदाच कुणीतरी मन लावून विचारत होतं.

जमिनीचा तो त्रासदायक प्रतिध्वनी बाजूला काढायचा कसा? सीटी स्कॅनमध्ये शरीराचे काप दिसतात तसे जंगलाचे काप करायचे. उपग्रह एकाच जागेवरून सात वेळा जाईल, दर तीन दिवसांनी, प्रत्येक वेळी किंचित सरकून. थोड्याथोड्या फरकाने ऐकलेले सात प्रतिध्वनी एकत्र केले की कुठला आवाज किती उंचीवरून आला ते वेगळं करता येतं. हे आधी विमानातून करून पाहिलं, २००९ च्या ऑगस्टमध्ये, ‘ट्रॉपिसार’ मोहिमेत, याच पाराकूवर आणि दक्षिण-पूर्वेच्या नुराग केंद्रावर. जमिनीचा काप, दहा मीटरचा, वीसचा, तीसचा. मग प्रत्येक काप जमिनीवर मोजलेल्या वजनाशी ताडून पाहिला. एकंदर प्रतिध्वनी आणि वजन यांची जोडी सैल निघाली. तीस मीटर उंचीच्या कापाची मात्र घट्ट बसली.

हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं होतं. वजन तर खाली, खोडात. मग तीस मीटरवरचा काप कसा बोलतो?

तोंतोंनी चहाचा पेला खाली ठेवला. ‘त्यात काय, पोरी,’ ते म्हणाले. ‘तिथवर पोचायचं तर खाली खोड नको का?’

लेखात हेच दीड पानात आहे. वर जाड फांद्या असतील तर त्यांना तोलून धरणारं लाकूड खाली असणारच, आणि त्या उंचीवर जमिनीचा गोंगाट पोचत नाही.

हा उपग्रह सुचवला गेला २००५ साली. तूलूझच्याच सेस्बियो प्रयोगशाळेतल्या तुई ल तोआन यांनी तो प्रस्ताव मांडला आणि लावून धरला. युरोपीय अवकाश संस्थेने २०१३ मध्ये तो निवडला. उद्या, २०२५ मध्ये, तो उडणार. वीस वर्षं एका प्रश्नाला चिकटून राहणारी माणसं मला फार मोठी वाटतात, आणि या यादीत मी चाळीस वर्षं घेर घेणाऱ्या तोंतोंनाही धरते.

संध्याकाळी पाऊस थांबला. कुरूला जायला निघालो.

२९ एप्रिल, मंगळवार : कुरू

तीनला उठलो. समुद्रकिनाऱ्यावर अंधारात बरीच माणसं : कुटुंबं, थर्मास, पेंगणारी मुलं. तोंतों आले नाहीत. त्यांनी लहानपणापासून पुष्कळ रॉकेटं पाहिली आहेत.

सव्वासहाला, उजाडत असताना, झाडांच्या शेंड्यांमागून नारिंगी उजेड वर आला. सुरुवातीला आवाज नाहीच. व्हेगा-सी हे पस्तीस मीटरचं रॉकेट, खालच्या तीन टप्प्यांत घन इंधन भरलेलं, त्यामुळे ते रेंगाळत नाही, एकदम उसळतं. प्रकाश बराच वर गेला आणि मग, साधारण पाऊण मिनिटाने, आवाज पोचला. आधी पायांना कळला, मग छातीला, मग कानांना. माझ्या शेजारची सहकारी रडत होती. मीही.

तासाभराने उपग्रह सुटा झाल्याची आणि अंटार्क्टिकातल्या ट्रॉल केंद्राने त्याचा संदेश पकडल्याची बातमी आली. ६६६ किलोमीटर उंचीवर तो आता पृथ्वीभोवती होता. अँटेना उघडायचा अजून बाकी.

बाबांना फोन लावला. सावंतवाडीत दुपारचे चार वाजायला आले होते. बाबा वनखात्यात वनपाल होते. त्यांची उभी हयात आंबोली-दोडामार्ग भागात झाडांना नंबर टाकण्यात आणि घेर घेण्यात गेली. त्यांना सगळं नीट सांगितलं : लाट, काप, तीस मीटर.

‘एका ठिपक्यात किती जंगल येतं?’ त्यांनी विचारलं.

‘चार हेक्टर, बाबा. दहा एकर.’

‘म्हणजे एकेक झाड नाही मोजत.’

‘नाही. एकेक झाड माणसंच मोजतात. त्यावरून त्याला शिकवायचं, आणि मग जिथे माणूस जाऊ शकत नाही तिथलं तो सांगणार. वीस टक्क्यांच्या आत चूक राहावी असं ठरवलंय.’

बाबा जरा थांबले. ‘आणि पोकळ झाडं? बाहेरून घेर भक्कम, आत काही नाही. आम्ही कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून बघायचो.’

मी म्हटलं, विचारून सांगते.

आपला आणि नासाचा ‘निसार’ हा रडार-उपग्रहही लवकरच श्रीहरिकोट्याहून जाणार आहे, हेही त्यांना सांगितलं. (हे टिपण नीट लिहून काढेपर्यंत तोही ३० जुलैला गेला.) त्याची मोठी लाट चोवीस सेंटिमीटरची, म्हणजे हेक्टरी शंभर टनांपर्यंतची विरळ जंगलं त्याची आणि त्यापुढची घनदाट बायोमासची. दोघं मिळून जगाचं जंगल वाटून घेतील. आपल्याकडची बरीच पानगळीची वनं निसारच्या तराजूत बसावीत. सह्याद्रीतल्या देवराया नि सदाहरित पट्टे मात्र या दुसऱ्या तराजूकडे पाहतील असं मला वाटतं.

३० एप्रिल, बुधवार : पाराकू

उद्या १ मे, सुट्टी, आणि माझं परतीचं विमान. म्हणून आज पुन्हा पट्टी हातात घेतली. माझा हात थोडा बसलाय. मागची बाजू न बघता बोटांनी कळते, पट्टी तिरकी गेली की.

दुपारी एक वाकापू आलं. काळसर, अत्यंत जड लाकूड. खोडाला उभ्या घळ्या पडलेल्या, त्यामुळे पट्टी खोडाला सगळीकडून टेकतच नाही. मी बाबांचा प्रश्न तोंतोंना विचारला. त्यांनी कोयता उलटा केला आणि पाठीने खोडावर ठोकलं, छातीच्या उंचीवर, मग हात वर करून. वर ठणठणीत आवाज. खाली ढब.

‘आतून खाल्लंय,’ ते म्हणाले. ‘किती, ते कोसळेल तेव्हा कळेल.’

मीही ठोकून पाहिलं. दोन आवाजांमधली हद्द माझ्या खांद्याच्या जरा वर होती. मग पट्टी रंगाच्या पट्ट्यावर लावली, घळ्यांवरून ताणून धरली, आणि आकडा मोठ्याने सांगितला. वहीवाल्या पोराने तो लिहिला, आणि नेहमीप्रमाणे परत मोठ्याने वाचून दाखवला. शेऱ्याच्या रकान्यात तोंतोंनी त्याला एक शब्द लिहायला लावला : पोकळ.

पुढचं झाड अकरा पावलांवर होतं.